नालीतून गेलेली पाण्याची गाडी

[दृश्य: सकाळ. अंगणातल्या दगडावर भांडी घासली जातायत. दगडाखालून पाण्याची धार नालीकडे निघालीय.]

हंडाभर पाण्यासाठी किती पायपीट करावी लागते, हे मराठवाड्यातल्या बाईला विचारायची गरज नाही. विचारायचं ते त्याच्या पुढचं. भांडी झाली, धुणं झालं, अंघोळी उरकल्या. मग ते पाणी गेलं कुठं?

दाराबाहेर. नालीतून रस्त्यावर, रस्त्यावरून वेशीजवळच्या डबक्यात.

एप्रिल २०१६. लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. आता हिशेब करू. घरोघरी नळानं पाणी देणाऱ्या जलजीवन मिशन योजनेचं माप माणशी रोज ५५ लिटर. २,००० वस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर झालं. त्यातलं पिण्या-शिजवण्यात थोडंच जातं. वापरून बाहेर पडणारं रोजचं ८० हजार लिटर धरा. म्हणजे आठवडा पुरा व्हायच्या आत ती अख्खी गाडी गावाच्या नालीतून वाहून जाते.

[दृश्य: शोषखड्ड्याचं खोदकाम.]

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेतले. ४ फूट लांब, ४ रुंद, ४ खोल. मध्ये वरच्या अंगाला भोकं असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, निवळलेलं पाणी भोकांतून बाहेर पडून जमिनीत मुरतं. नाल्या कोरड्या पडल्या, डास हटले, आणि 'नांदेड पॅटर्न' हे नाव राज्यभर पोचलं.

पण हा खड्डा सगळीकडे चालत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. काळी माती ओली झाली की फुगते, पाण्याला वाट देत नाही. साबणातल्या सोडियमनं ती आणखी आवळते. खाली मुरूम लागला तर ठीक, नाहीतर खड्डा तुंबलाच. शेजारी पिण्याची विहीर किंवा हातपंप असेल, तर तिथं हे पाणी मुरवूच नये.

अशा गावानं पाणी वस्तीच्या खालच्या अंगाला न्यावं. आधी जाळी. खरकटं, प्लास्टिक, केस तिथं अडकतात. मग गाळाची टाकी. पाणी तिथं थबकतं, जड गाळ खाली बसतो, तेलकट साय वर येते. आणि मग खरं काम करणारा वाफा: पक्क्या तळाचा, दोनेक फूट खोल, खडीनं भरलेला, वर कर्दळ नाहीतर पाणकणीस.

[दृश्य: कर्दळीचा वाफा. हातानं खडी बाजूला केल्यावर खाली पाणी दिसतं.]

पाणी खडीच्या पोटातून सरकतं. वर साचत नाही, म्हणून डासांना अंडी घालायला जागा नाही. खडीच्या दाण्यादाण्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. घाण खातो तो हा थर. कर्दळीच्या मुळांवरही तो वाढतो, आणि पाण्यातलं थोडं नत्र-स्फुरद कर्दळ स्वतःसाठी उचलते. उतार नीट साधला तर वीज लागत नाही. भारनियमन सोसणाऱ्या गावाला ही मोठी गोष्ट आहे. अट एकच: संडासाचं पाणी यात सोडायचं नाही, त्याचे खड्डे वेगळे.

बाहेर येणारं पाणी पिण्याचं नव्हे. कोथिंबिरीला, मेथीलाही नको. त्यात जंतू उरतात. ते नेपियरच्या चाऱ्याला द्यावं, लिंब-करंजाला द्यावं, बांबूला द्यावं. मे महिन्यात दावणीच्या जनावरापुढं हिरवी पेंढी पडते, तेव्हा तिचं मोल शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

आता देखभाल. चार दिवस जाळी कुणी साफ केली नाही, की खरकटं टाकीत उतरतं. टाकी भरली की गाळ खडीत शिरतो. खडी बुजली की सगळी उपसून धुवावी लागते, आणि तेवढं बळ गावात क्वचितच उरतं. म्हणून उद्घाटनाच्या आधी ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून घ्यावं: जाळी रोज कोण काढणार, त्याला महिन्याला किती रुपये देणार, आणि त्याचे गमबूट, हातमोजे कोणत्या खर्चातून येणार.