पट्ट्यावर चढण्याआधी खरं सांगा

नमस्कार मंडळी. कापूस वेचणीचे दिवस आहेत. हातातलं काम न थांबवता ऐकलंत तरी चालेल.

चालताना छाती भरून येते म्हणून दवाखान्यात गेलं, की डॉक्टर पुष्कळदा टीएमटी लिहून देतात. छातीला तारा लावून फिरत्या पट्ट्यावर चालायचं. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. हृदयाला मुद्दाम कामाला जुंपायचं आणि त्याला रक्त पुरतं का, ते बघायचं.

यात जीव जातो का, असं मला गावोगावी विचारतात. फार क्वचित, पण धोका असतो. झटका किंवा मृत्यू, असं २,५०० तपासण्यांत जास्तीत जास्त एखाद्या वेळी घडतं. कधी ठोके भरकटतात, कधी बीपी एकदम उतरतं. म्हणून तिथं शॉक देणारं यंत्र हवं, डॉक्टर हवेत. आहेत का, हे बेधडक विचारा.

मला खरी भीती वाटते ती दुखणं अंगावर काढायच्या आपल्या सवयीची. एक काका वावरातली कामं टाकून, पहाटेची एसटी धरून ८० किलोमीटरवरून आले होते. टीएमटीची चिठ्ठी हातात. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "रात्री यांना बसल्या बसल्या कळ आली, घाम फुटला होता." काकांनी डोळे वटारले. खेप वाया जाईल म्हणून ते गप्प होते. आम्ही त्यांना पट्ट्यावर चढवलंच नाही. लगेच ईसीजी काढला आणि भरती करून घेतलं.

बसल्या जागी दुखत असेल, नुकताच झटका येऊन गेला असेल, हृदयाची झडप फार अरुंद होऊन चक्कर येत असेल, तर आधी ते सांगा. गोळ्याही दाखवा, मनानं बंद करू नका.

पट्ट्यावर छाती दुखली, गरगरलं, तर त्याच क्षणी बोला. "अजून चालतो साहेब" म्हणून दम काढू नका. पट्टा थांबल्यावरही काही मिनिटं नाडी आणि बीपी बघावं लागतं, कारण ठोके तेव्हाही बिघडू शकतात. एसटी चुकली तर चुकू द्या. परतीच्या वाटेवर छातीत कळ आलीच, तर घर गाठायची घाई न करता तिथूनच १०८ लावा.