रोपांचा दिवा घरी बनवताना: आधी मिलीअँप, मग वॉट

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची बाल्कनी उत्तरेला आहे, नाहीतर समोरच्या इमारतीनं ऊन अडवलंय. जूनमध्ये मिरचीचं बी हौसेनं लावायचं, ते उगवतंही, आणि आठवडाभरात रोप दोऱ्यासारखं लांब होऊन आडवं पडतं. मग आपण दोष देतो बियाला, कोकोपीटला, पाण्याला. ते रोप उजेडासाठी मान ताणत असतं, एवढंच.

ट्यूबलाइटखाली ठेवलं तर? खोली आपल्याला लख्ख दिसते, पण लक्समीटर टेबलावर ठेवलात तर दोन-तीनशे लक्स भरतात. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. डोळा एवढा फरक सांभाळून घेतो, पानाला ते जमत नाही. शिवाय लक्स आणि ल्युमेन ही मापं माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेली आहेत, आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो. झाड ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले सगळेच प्रकाशकण वापरतं. म्हणून त्याच्यासाठी कण मोजतात: एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल (मायक्रोमोल हे कण मोजायचं एकक). पांढऱ्या एलईडीसाठी माझा कामचलाऊ हिशोब असा, की लक्सला ७० नं भागायचं. मेथी, लेट्यूस, मिरचीची रोपं यांना २०० मायक्रोमोल मिळाले तर ती ठेंगणी आणि भरदार वाढतात. म्हणजे १४,००० लक्स. ट्यूबलाइटपासून आपण किती दूर आहोत बघा.

आता एलईडीच्या पट्टीकडे येऊ. सजावटीच्या, पाच मीटरच्या गुंडाळीत मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या पट्टीपासून बहुतेक जण सुरुवात करतात. मीही केली. तिचा एक तुकडा डोळ्यांजवळ धरा. कात्रीच्या दोन खुणांमध्ये तीन एलईडी दिसतील आणि शेजारी एक बारकासा काळा रेझिस्टर (करंटला आवर घालणारा भाग), त्यावर बहुधा १५१ लिहिलेलं, म्हणजे १५० ओहम. पट्टी चालू असताना मल्टिमीटरची टोकं त्या रेझिस्टरवर टेकवा. तीन व्होल्टच्या आसपास वाचन येईल. प्रत्येक एलईडीला साधारण तीन, म्हणजे तिघांना नऊ, आणि उरलेले तीन व्होल्ट हा रेझिस्टर नुसता तापून घालवतो. विजेचा चौथा हिस्सा तिथेच गेला. शिवाय पाच मीटरची पट्टी एकाच टोकाकडून जोडली की दुसरं टोक मंद पडतं, कारण तांब्याचा पातळ पत्रा एवढा करंट नेताना व्होल्टेज खातो. आणि पावसाळ्याच्या दमटपणात मागचा चिकट कागद सुटतो, पट्टी रोपांवर लोंबायला लागते. मायक्रोग्रीन्सच्या एका ट्रेसाठी ही पट्टी चालेल. २४ व्होल्टची असली तर बरी, कारण त्याच वॉटला करंट निम्मा लागतो. पण पूर्ण रॅकसाठी मी ती कुणाला घ्यायला सांगणार नाही.

रॅकसाठी घ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर एलईडी बसवलेली ताठ पट्टी. हिच्यात तो रेझिस्टर नसतो. म्हणजे करंटला आवर घालणारं पट्टीवर कुणीच नाही, आणि म्हणूनच इथून पुढे सगळी मदार ड्रायव्हरवर येते, म्हणजे घरच्या विजेतून पट्टीला हवी तशी वीज देणाऱ्या डबीवर. दुकानात विचारलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचा देऊ?" तुम्ही उत्तर मिलीअँपमध्ये द्या.

कारण सांगतो. एलईडी गरम झाला की त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज उतरतं, दर अंशाला साधारण दोन मिलीव्होल्ट. सात एलईडी एकामागे एक आहेत आणि पट्टी ४० अंशांनी तापली असं धरा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडला. व्होल्टेज ठरावीक ठेवणारा ॲडॉप्टर अशा पट्टीला थेट जोडलात तर तो आपलं व्होल्टेज तेवढंच लावत राहणार, गरम पट्टी जास्त करंट ओढणार, त्यानं आणखी तापणार. करंट ठरावीक ठेवणारा ड्रायव्हर यात अडकत नाही. तो ७०० मिलीअँप म्हणजे ७०० च देतो आणि व्होल्टेज पट्टीला हवं तसं खाली-वर करतो.

माझ्या रॅकचं उदाहरण घेऊ. एक कप्पा ६० बाय ४५ सेंटीमीटरचा, म्हणजे ०.२७ चौरस मीटर. २०० मायक्रोमोलनं गुणलं की ५४ होतात. थोडा उजेड बाजूला सांडतोच, त्यामुळे मी ६० ते ७० धरतो. चांगली पट्टी एका वॉटमध्ये सेकंदाला सव्वादोन-अडीच मायक्रोमोल देते. म्हणजे पंचवीस-तीस वॉटमध्ये काम झालं. माझ्या पट्ट्या ५६ सेंटीमीटरच्या आहेत, ७०० मिलीअँपला साधारण साडेएकोणीस व्होल्टच्या. ड्रायव्हर मीनवेल कंपनीचा, मॉडेल एलपीसी-३५-७००. त्याच्यावर लिहिलंय ७०० मिलीअँप, ९ ते ४८ व्होल्ट. दोन पट्ट्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडल्या की ३९ व्होल्ट, बसलं. तिसरी जोडली की साडेअठ्ठावन्न, ते त्याच्या आवाक्याबाहेर.

दोन पट्ट्यांवर दिवा होतो, पण मी चार घेतल्या. दोन-दोनच्या दोन जोड्या सिरीजमध्ये, आणि त्या दोन जोड्या एकमेकींना पॅरलल, म्हणजे करंट दोघींत वाटला जातो. आता प्रत्येक पट्टीतून ३५० मिलीअँपच जातात. एकूण वॉट जवळपास तेवढेच, पण पट्ट्या हाताला जेमतेम कोमट लागतात, त्याच विजेत थोडा जास्त उजेड मिळतो, आणि एका ओळीखाली झगझगीत तर कडेला अंधार असं होत नाही. यात मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. एखाद्या जोडीचं सोल्डर सुटलं तर सगळा करंट दुसऱ्या जोडीवर येतो. तो किती? ७०० मिलीअँप, आणि पट्टी तेवढ्यासाठीच बनवलेली आहे. काही जळत नाही. दोन पट्ट्यांचे जादा पैसे मला म्हणूनच कधी जड वाटले नाहीत.

पाठीमागे अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन लावा. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे कापून उरलेले तुकडे असतात, ते उत्तम चालतात. प्लायवर थेट चिकटवू नका, उष्णता जायला वाट राहत नाही.

रंगाबद्दल मला नेहमी विचारतात. लाल-निळ्या एलईडींचा जांभळा दिवा घ्यावा का? क्लोरोफिल लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, म्हणून तो प्रकार आला. पण पान हिरवा उजेडही वापरतं. मॅक्री या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बऱ्याच पिकांच्या पानांवर हे मोजून दाखवलं. हिरवे कण वरच्या पानांतून झिरपून खालच्या पानांपर्यंतही पोचतात. तेव्हा साधा पांढरा, ३००० ते ४००० केल्विनचा घ्या (केल्विन म्हणजे पांढऱ्याची छटा सांगणारा आकडा). जांभळ्या उजेडात पानाचा पिवळेपणा आणि मावा दोन्ही लपतात. मिरचीच्या शेंड्यावरचा मावा चार दिवस उशिरा दिसला तर किती पसरतो, हे तुम्हाला सांगायला नको.

आता थोडं सावकाश बोलतो, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. पहिल्या वर्षी मी एक स्वस्त ड्रायव्हर आणला होता, बिनाकेसचा. एका संध्याकाळी पाणी घालताना ओला हात अ‍ॅल्युमिनियमला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिणी गेली. पट्टीच्या सोल्डरला टेस्टर लावला तर तो लख्ख पेटला. त्या ड्रायव्हरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि पट्टीची बाजू वेगळी केलेलीच नव्हती. असे ड्रायव्हर बंद बल्बच्या आत चालतात, तिथे कुणाचा हात पोचत नाही. रोपांच्या रॅकवर पाणी असतं आणि लहान मुलंही हात घालतात. म्हणून लेबल वाचा: आयसोलेटेड किंवा एसईएलव्ही (२३० व्होल्टपासून वेगळं केलेलं, हाताला सुरक्षित असं कमी व्होल्टेज) लिहिलेलं हवं, आणि बाहेर येणारं व्होल्टेज ६० च्या आत हवं. याच कारणासाठी दहा पट्ट्या सिरीजमध्ये जोडून दोनशे व्होल्टचा ड्रायव्हर लावण्याच्या फंदात घरी पडू नका. ड्रायव्हर ट्रेच्या वर टांगू नका, बाजूच्या भिंतीवर लावा. वायरीला प्लगच्या खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच टपकेल. अ‍ॅल्युमिनियमला अर्थिंग करा आणि घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) नसेल तर वायरमनला बोलावून बसवून घ्या.

दिवा पानांपासून वीस-पंचवीस सेंटीमीटरवर ठेवा, साखळीनं टांगलात तर रोप वाढेल तसा वर घेता येतो. टायमरवर १४ तास. २६ वॉटचा दिवा १४ तास म्हणजे दिवसाला युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त, महिन्याला साधारण ११ युनिट. कोथिंबिरीला मात्र १२ तासच द्या. दिवस लांबला की ती पानं सोडून फुलावर जाते.