चिलटांच्या बाटलीतली बेरीज

श्रोतेहो, नमस्कार.

"पुरुषाची जात भ्रमराची, बाईची जात चोखंदळ." हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. म्हणणारा वर ठसक्यात सांगतो, "अहो, विज्ञानच म्हणतं तसं!" आज त्या विज्ञानाच्या मुळाशी जाऊ. मुळाशी काय आहे, तर चिलटं. पिकल्या फळावर घोंघावतात ना, तीच.

साल १९४८. अँगस बेटमन हे इंग्लंडमधले संशोधक. गडी खरा वनस्पतींचा, पण चिलटांवर एक प्रयोग केला आणि नाव राहिलं ते त्यामुळेच. बाटलीत मोजके नर सोडायचे, तितक्याच माद्या. मग कुठलं पिल्लू कुणाचं हे ओळखायचं कसं? तेव्हा डीएनए चाचणी कुठली! बेटमननी शक्कल लढवली. प्रत्येक चिलटाला नुसत्या डोळ्यांनी कळेल असं वेगळं आनुवंशिक व्यंग. कुणाचे पंख वळलेले, कुणाचं डोकं इवलंसं. पिल्लाचे पंख वळलेले दिसले, की वळक्या पंखांचा बाप सापडला!

निष्कर्ष असा निघाला, की नराला जितक्या जास्त माद्या, तितकी पिल्लं जास्त. मादीला मात्र एकानंतर दुसरा नर मिळून फारसा फायदा नाही. पुढे १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी याच्या आधारावर मांडलं, की पिल्लासाठी ज्याची झीज जास्त, तो जोडीदार निवडताना चोखंदळ. सिद्धान्त म्हणून देखणाच आहे तो. पण लोकांनी चिलटांवरून थेट माणसावर उडी मारली.

आता खरी गंमत ऐका. २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग तशाच चिलटांवर पुन्हा केला. ६४ वर्षांनी! (जुना प्रयोग पुन्हा करून पाहायला कुणी पैसे देत नाही, सगळ्यांना नवं हवं असतं. माझा हा जुना राग आहे.) तर त्यांना काय दिसलं? हिशेबाने पाव पिल्लांत आईचं आणि बापाचं अशी दोन्ही व्यंगं यायला हवीत. आई-बाप दोघंही पक्के ठरतात ते याच पिल्लांवरून. आणि नेमकी तीच पिल्लं मोजणीआधीच मरत होती. पुन्हा सांगतो, जी मोजायची तीच मेलेली! बेटमनच्या आकड्यांतही बापांच्या नावावर पिल्लं जास्त होती, आयांच्या नावावर कमी. अहो, प्रत्येक पिल्लाला एक आई, एक बाप. दोन्हीकडची बेरीज सारखीच यायला नको? घरखर्चाच्या वहीत दहा रुपये जुळले नाहीत तर आपल्याला झोप लागत नाही, आणि इथे इतकी वर्षं कुणी वही तपासलीच नाही.

मग माणसाचं काय? त्याचं शरीर थोडंफार बोलतं. गोरिला नर १५० किलोच्या वर, पण त्याच्या दोन्ही वृषणांचं वजन जेमतेम ३० ग्रॅम. चिंपांझी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि वृषणं सुमारे १२० ग्रॅम. कारण गोरिलाच्या कळपात बहुधा एकाच नराचं राज्य. चिंपांझीची मादी अनेक नरांशी जुगते, म्हणजे शर्यत शुक्राणूंचीच; ज्याचे जास्त, त्याला संधी जास्त. माणूस? ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चिंपांझीसारखी शर्यत आपल्या शरीरात दिसत नाही. आणि पुरुष बाईपेक्षा थोडाच थोराड, गोरिलासारखा दुप्पट नाही. भ्रमराच्या वकिलांनी हे आकडे कधी सांगितलेले मी तरी ऐकले नाहीत.

बेटमनचं पुढे काय झालं? ते पुन्हा आपल्या वनस्पतींकडे वळले. अभ्यास कशाचा, तर एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असून स्वतःचाच पराग नाकारणाऱ्या झाडांचा.