लुसाकातलं जुनं औषध

नमस्कार श्रोतेहो. आज आपण झांबियाला जाऊ. लुसाका शहर, तिथलं युनिव्हर्सिटी टीचिंग हॉस्पिटल, साल २००१. एचआयव्हीची लागण झालेली लेकरं तिथे यायची, न्यूमोनियानं धापा टाकत. एचआयव्हीवरची औषधं जगात होती, पण या लेकरांपर्यंत पोचली नव्हती.

जवळ होतं ते एक जुनं औषध, को-ट्रायमॉक्साझोल. आपल्याकडे सेप्ट्रान म्हणून मिळतं तेच. जुनं औषध, स्वस्त औषध. एचआयव्हीला ते हातही लावत नाही, इतर जंतूंना मारतं. पण लुसाकातले बहुतेक जंतू त्याला सरावलेले होते. प्रयोगशाळेत ते दाद देत नव्हते. मग रोज पाजून उपयोग काय, असं डॉक्टरांनाही वाटे.

स्वस्त औषधावर तसाही कुणाचा विश्वास नसतो. आमचे एक काका होते, सुई टोचल्याशिवाय दवाखान्यातून उठायचेच नाहीत. नुसती गोळी दिली की डॉक्टर बदलायचे! असो.

तर लुसाकात ठरलं, वाद नको, करून बघू. एक ते चौदा वर्षांची पाचशेहून जास्त मुलं घेतली. निम्म्यांना रोज हे औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं. कुणाच्या वाट्याला काय आलंय, हे आईलाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. आकडे फक्त एक वेगळी समिती अधूनमधून बघायची. आणि २००३ च्या ऑक्टोबरात ती समिती म्हणाली, थांबवा. आता निम्म्या मुलांना औषधाविना ठेवणं बरोबर नाही.

आकडे ऐका. औषध नसलेल्या गटात शंभरातली ४२ मुलं दगावली होती. औषध मिळालेल्यांत २८. पुन्हा सांगतो, ४२ आणि २८. हॉस्पिटलात भरती व्हायची वेळही कमी मुलांवर आली. जंतू सरावलेले असूनही! अठ्ठावीस हाही आकडा काही थोडा नाही, श्रोतेहो. पण मधली ती चौदा लेकरं वाचली, ती एका जुन्या, स्वस्त औषधानं.

पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं हे औषध अशा मुलांना द्या म्हणून सांगितलं. मग एचआयव्हीवरची खरी औषधंही आली, आणि नवा प्रश्न निघाला: आता तरी हे जुनं बंद करायचं का? युगांडा आणि झिम्बाब्वेत तेही करून पाहिलं. दोन वर्षं एचआयव्हीची औषधं घेऊन सावरलेल्या मुलांपैकी काहींचं को-ट्रायमॉक्साझोल थांबवलं, काहींचं चालू ठेवलं. ज्यांचं थांबवलं, त्यांच्या हॉस्पिटलच्या खेपा वाढल्या. कधी मलेरिया, कधी पुन्हा तोच न्यूमोनिया.