वेझले: आतल्या दारापाशी थांबा

मागे एकदा बोलता बोलता वेझलेचं नाव निघालं आणि दोघातिघांनी विचारलं की तिथे नेमकं बघायचं काय, म्हणून आज फक्त त्या एका गावाबद्दलच बोलतो. फ्रान्सच्या बर्गंडी भागात एक टेकडी आहे. तिच्यावर एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं, आणि तो रस्ता चढत चढत जातो तो थेट येशूची शिष्या मेरी मॅग्डलीन हिच्या बॅसिलिकापुढे, म्हणजे मोठ्या चर्चपुढे. आज गावात पाचशेसुद्धा माणसं राहत नाहीत, पण बाराव्या शतकात इथे यात्रेकरूंचे लोंढे यायचे, कारण मेरी मॅग्डलीनच्या अस्थी आपल्याकडे आहेत असं इथले मठवासी सांगायचे. इथूनच स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राला पायी जायची एक वाट सुरू होते, अजूनही लोक पाठीवर सॅक टाकून निघतात.

मग १२७९ मध्ये तिकडे दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये खऱ्या अस्थी सापडल्या असं जाहीर झालं, पुढे पोपनेही त्यांचीच बाजू घेतली, आणि वेझलेची यात्रा ओसरली. माझं स्वतःचं मत असं की त्यामुळेच हे चर्च जुन्या रूपात राहिलं, हातात पैसा असता तर पाडून नव्या फॅशनचं बांधलं असतं. १८४० पर्यंत ते कोसळायच्या बेतात आलं होतं, तेव्हा व्हियोले-ल-द्युक नावाच्या २६ वर्षांच्या आर्किटेक्टवर दुरुस्तीचं काम सोपवलं.

आता मुख्य गोष्ट. बाहेरच्या मोठ्या दारावरचं कोरीवकाम एकोणिसाव्या शतकातलं आहे, बरेच जण त्याचाच फोटो काढतात आणि भराभर आत जातात. तसं करू नका. आत शिरल्यावर आधी एक अंधारा ओवरीसारखा भाग लागतो, तिथे डोळे सरावेपर्यंत उभे राहा आणि मग आतल्या दाराच्या वर बघा. ११३० च्या आसपासचं काम आहे. मधोमध येशू, हात पसरलेले, बोटांमधून निघालेले किरण शिष्यांच्या डोक्यांपर्यंत पोचलेत, आणि भोवती जगातले ते सगळे लोक ज्यांच्यापर्यंत शिष्यांनी जायचंय. त्यात सुपाएवढ्या कानांची माणसं आहेत, शिडी लावून घोड्यावर चढणारा बुटका आहे, आणि कुत्र्याच्या तोंडाची माणसंसुद्धा आहेत. ही कुत्रातोंडी माणसं भारतातल्या डोंगरांत राहतात असं क्टेसियस नावाच्या ग्रीकाने ख्रिस्तपूर्व काळात लिहून ठेवलं होतं आणि ते युरोपात शतकानुशतकं चालत आलं. म्हणजे त्या दगडात एका कोपऱ्यात आपणच आहोत हो! मला राग नाही आला, उलट भरून आलं, कारण कोरणाऱ्याने आपल्याला विचित्र तोंड दिलं तरी बाहेर नाही ठेवलं.

आणि याच गावात फ्रेंच लेखक रोमां रोलां राहायला आले, १९३८ मध्ये, तेच ज्यांनी गांधीजींवर, रामकृष्ण-विवेकानंदांवर इतकं मनापासून लिहिलं. १९४४ च्या ३० डिसेंबरला ते वेझलेतच गेले. त्यांचं घर आता म्युझियम आहे.

आत खांबांच्या माथ्यावर एक जातं कोरलंय, एक जण वरून धान्य ओततोय, दुसरा खाली पोत्यात पीठ धरतोय. बायबलचा जुना करार दळून नवा करार, ओतणारा मोझेस आणि पीठ धरणारा पॉल, असा अर्थ लावतात. आपल्याकडे दळण ज्याने बघितलंय त्याला हे चटकन कळतं, मी तिथे बराच वेळ मान वर करून उभा होतो.

वेळ असेल तर उत्तरेच्या उतारावरून खाली कॉर्डेलला जा, छोटंसं चॅपल आहे. ३१ मार्च ११४६ ला, ईस्टरच्या दिवशी, संत बर्नार्ड नावाच्या मठवाशाने दुसऱ्या क्रुसेडची, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धाची, हाक दिली ती याच उतारावर, गर्दी गावात मावली नाही म्हणून. फ्रान्सचा राजा सातवा लुईसुद्धा हजर होता. ते क्रुसेड वाईट फसलं आणि त्यात माणसं फार मेली, म्हणून मला तिथे उभं राहून जड वाटलं.

जमलं तर २१ जूनच्या सुमारास जा. घड्याळात पावणेदोन-दोनला, म्हणजे सूर्य खरा माथ्यावर आला की, दक्षिणेच्या वरच्या खिडक्यांतून उन्हाचे कवडसे बरोब्बर मधल्या वाटेवर पडतात, एकामागे एक, दारापासून वेदीच्या दिशेने, आणि लोक बोलायचे थांबतात.