बारावीचं गणित: जागा बदललेली प्रकरणं

(दृश्य: फळ्यावर इंग्रजी 'व्ही'सारखा आलेख)

हा |x| चा आलेख. −1 पाशी किंमत 1, +1 पाशीही 1, आणि मधे कुठे तुटलेला नाही. म्हणून बरीच मुलं इथे रोलचं प्रमेय लावायला जातात. ते सांगतं की अटी पुऱ्या झाल्या तर दोन टोकांच्या मधे कुठेतरी, एखाद्या c पाशी, उतार शून्य असतो. पण शून्यापाशी नीट पाहा. डावीकडून उतार −1, उजवीकडून +1. त्या कोपऱ्यावर डेरिव्हेटिव्हच, म्हणजे एक ठरावीक उतारच, नाही, त्यामुळे प्रमेय लागू होत नाही.

प्रमेयाला तीन अटी लागतात: बंद अंतरालात (टोकं धरून) कंटिन्युइटी, म्हणजे आलेख न तुटणं; खुल्या अंतरालात (टोकं सोडून) डिफरन्सिएबिलिटी, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी डेरिव्हेटिव्ह असणं; आणि दोन्ही टोकांना सारखी किंमत. उत्तरपत्रिकेत मात्र सहसा तिसरीच तपासलेली दिसते. [1, 3] वर x² − 4x + 3 घेतलं की तेवढ्यानेही भागतं. दोन्ही टोकांना शून्य, c पाशी उतार 2c − 4 = 0, c = 2. उत्तर बरोबर आलं म्हणून सवय पक्की होते आणि |x| समोर आला की फसते.

या सवयीचा पुस्तकांच्या रचनेशी संबंध आहे. राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेच्या जुन्या बारावीत दुसऱ्या भागाची सुरुवातच कंटिन्युइटीने व्हायची, मग डिफरन्सिएशन. नवी पुस्तकं अकरावीला 2019-20 मध्ये आणि बारावीला 2020-21 मध्ये आली, तेव्हा कंटिन्युइटी अकरावीत गेली. तिथे लिमिट्सच्या लगेच मागोमाग ती शोभते, हा बदल योग्यच आहे. अडचण येते ती अकरावी घाईत उरकली जाते म्हणून. बारावीत रोल आणि लॅग्रांज यांच्या प्रमेयांपर्यंत पोहोचेस्तोवर मधे कित्येक महिने गेलेले असतात. ते प्रकरण सुरू करण्याआधी दोन तास कंटिन्युइटीला द्यावेत. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतही गणिताच्या 50 पैकी 10 प्रश्न अकरावीचे असतात, प्रत्येकी 2 गुणांचे, आणि त्या अकरावीच्या यादीत कंटिन्युइटी आहे.

(दृश्य: टेबलावर दोन पुस्तकं शेजारी शेजारी)

दुसरा गोंधळ याहून मोठा. कोविडनंतर भार हलका करायचा म्हणून एनसीईआरटीने, सीबीएसईच्या शाळांत चालणारी पुस्तकं काढणाऱ्या संस्थेने, 2022-23 साठी पुस्तकं छाटली. अकरावीतून इंडक्शन (पहिली पायरी n = 1 साठी पडताळा, दुसरी k साठी खरं धरून k + 1 साठी सिद्ध करणं) आणि मॅथेमॅटिकल रीझनिंग ही अख्खी प्रकरणं गेली. बारावीतून रोल, लॅग्रांज, स्पर्शिका-अभिलंब, बायनोमियल डिस्ट्रिब्युशन हे भाग गेले. 2024 च्या जेईई मेनच्या अभ्यासक्रमातूनही ते वगळले. राज्य मंडळात मात्र हे भाग आजही आहेत: इंडक्शन अकरावीत, बाकीचे बारावीत. रोल आणि लॅग्रांज जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्येही टिकून आहेत. म्हणजे राज्य मंडळाचा जो मुलगा जेईई मेनच्या यादीवरून 'हे नाही' म्हणत पानं उलटतो, तो बोर्डाचे गुण हातचे घालवतो. 80 गुणांच्या लेखी परीक्षेत पर्याय भरपूर आहेत. दोन गुणांचे 12 पैकी 8 प्रश्न, तीन गुणांचे 12 पैकी 8, चार गुणांचे 8 पैकी 5. पण पहिल्या विभागातल्या 20 गुणांना पर्यायच नाही.

इंडक्शन गेल्याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. शाळेतल्या गणितात सिद्धता लिहायला शिकवणाऱ्या जागा मोजक्याच, त्यातली ही एक होती. एक उदाहरण पाहू.

(दृश्य: कागदावर एकेक ओळ लिहिणारा हात)

समजा कुणी म्हणालं, 2 + 4 + … + 2k = k² + k + 1. दोन्ही बाजूंना पुढचं पद, 2(k + 1), मिळवा. उजवीकडे k² + 3k + 3 येतं. आता सूत्रात k च्या जागी k + 1 घाला, तरीही k² + 3k + 3 च! दुसरी पायरी बिनचूक जमली. मग पहिली तपासा, n = 1. डावीकडे 2, उजवीकडे 3. सूत्र कोसळलं. खरं सूत्र n² + n आहे.

'n = 1 साठी पडताळा' ही ओळ मुलं उपचार म्हणून लिहितात, कधी गाळतातही. हे खोटं सूत्र एकदा फळ्यावर पूर्ण सोडवून घ्यावं, आणि n = 1 मुद्दाम शेवटी घालायला सांगावं.