काचेच्या टाकीतला समुद्र

(दृश्य: वर्ग भरतो आहे. टेबलावर काचेची लांबट टाकी, मधोमध उभी फळी.)

समुद्रविज्ञानाच्या पहिल्या तासाला आलेली बरीच मुलं देवमाशांसाठी आलेली असतात. कुणाला प्रवाळ बघायचे असतात, कुणाला पाणबुडीत बसायचं असतं. काहींना पदवीसाठी एखादा विज्ञानाचा विषय घेणं भागच असतं, आणि भौतिकशास्त्रापेक्षा हा बरा, असा त्यांचा हिशेब असतो. तो पहिल्या पंधरा मिनिटांत चुकतो. देवमासा येतो सत्राच्या अखेरीस. आधी येते ही टाकी.

फळीच्या डावीकडे नळाचं पाणी, निळा रंग घातलेलं. उजवीकडे मिठाचं पाणी, लाल. फळी काढली तर काय होईल, असं बाई विचारतात. वर्ग एका सुरात सांगतो, जांभळं होईल.

(दृश्य: फळी वर उचलली जाते. दहा सेकंद निवेदन नाही.)

जांभळं होत नाही. लाल पाणी तळाशी सरपटत डावीकडे जातं, निळं त्याच्या पाठीवरून उजवीकडे येतं. हिंदकळणं थांबलं की खाली लाल, वर निळा, असे दोन थर. मधे एक जांभळट रेघ उरते, वर्गाची लाज राखण्यापुरती.

हा प्रयोग तीनशे वर्षांहून जुना आहे. 1679 साली लुइजी फेर्दिनांदो मार्सिली हा एकवीस वर्षांचा इटालियन तरुण बॉस्फरसच्या सामुद्रधुनीवर होता. वरचं पाणी काळ्या समुद्राकडून भूमध्य समुद्राकडे वाहतं, ते कुणालाही दिसत होतं. पण तिथले कोळी सांगत की खालचं पाणी उलटं जातं. मार्सिलीनं वजन लावलेल्या दोरीला ठरावीक अंतरावर बुचाचे पांढरे तुकडे बांधले आणि दोरी पाण्यात सोडली. वरचे तुकडे एकीकडे ओढले गेले, खोलवरचे दुसरीकडे. कोळी बरोबर होते. मग त्यानं दोन्ही समुद्रांच्या पाण्याचा जडपणा तोलला, मधे पडदा असलेली पेटी बनवली, पडद्याला भोकं ठेवली आणि हेच घडवून दाखवलं. 1681 साली ते छापून आलं. कोळ्यांचं म्हणणं थट्टेवारी न नेता मोजून बघणं, हा मला या विषयाचा खरा आरंभ वाटतो.

(दृश्य: फळा. एकाखाली एक आकडे.)

तर इथला पहिला शब्द घनता. एक घनमीटर गोडं पाणी सुमारे 1,000 किलो भरतं, समुद्राचं पृष्ठभागावरचं पाणी सुमारे 1,025 किलो. वरच्या खुल्या समुद्रात कुठेही जा, फरक पडतो तो शेवटच्या एक-दोन आकड्यांत. म्हणून समुद्रवैज्ञानिक पुढचे हजार लिहायचेच सोडून देतात. 1,027 ऐवजी नुसते 27, आणि त्याला सिग्मा म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना हा आळस वाटतो. पण महासागर हलतो तो याच उरलेल्या एक-दोन आकड्यांवर.

आता शाळेतला एक धडा विसरावा लागतो. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं, हे आपण पाठ केलेलं. ते गोड्या पाण्याचं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात, आणि असं पाणी थंड होईल तसं गोठेपर्यंत जडच होत जातं. ते गोठतं शून्याच्या खाली, साधारण उणे 1.9 अंशांना. गोठताना आणखी एक गंमत होते. बर्फ क्षारांना फारसं आत घेत नाही, बाहेर टाकतो. त्यामुळे बर्फाखालचं पाणी थंड तर असतंच, वर अधिक खारटही होतं. इतकं जड झालेलं पाणी बुडतं. अंटार्क्टिकाच्या कडेला असं बुडालेलं पाणी समुद्रतळावरून उत्तरेकडे सरकत जातं, विषुववृत्तही ओलांडतं. रणरणत्या उन्हातल्या कोमट समुद्राखाली चार किलोमीटरवर पाणी एक-दोन अंशांचं असतं, ते यामुळे. ते तिथे थंड झालेलं नाही. थंडी घेऊन आलेलं आहे.

(दृश्य: जुनं शिडांचं जहाज, रेखाचित्र.)

इतिहासाचा तास बहुधा एकच असतो, आणि त्यात ‘चॅलेंजर’ असतंच. डिसेंबर 1872 मध्ये निघालेलं हे ब्रिटिश जहाज मे 1876 मध्ये परतलं. वाटेत 362 ठिकाणी थांबून खोली मोजली, पाणी भरलं, गाळ काढला. खोली मोजायची म्हणजे वजन लावलेली दोरी सोडायची आणि पुन्हा ओढायची. एकेका मोजणीत तास जात. लोक त्या मोहिमेतले चित्रविचित्र जीव लक्षात ठेवतात. मला त्यातल्या पाण्याच्या 77 बाटल्या महत्त्वाच्या वाटतात. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं त्यांचं पृथक्करण केलं, तेव्हा दिसलं की पाणी कमीजास्त खारट असलं, तरी त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे तेच. म्हणजे एक क्लोराइड मोजलं की बाकीचे हिशेबानं काढता येतात. पुढे कित्येक दशकं क्षारता अशीच मोजली गेली. आता पाण्यातून वीज किती सहज वाहते, त्यावरून मोजतात.

(दृश्य: आलेखाचा कागद, पेन्सिल.)

मग येतो आलेख, आणि वर्ग कुरकुरतो. आडव्या अक्षावर क्षारता, उभ्या अक्षावर तापमान. नॉर्वेच्या ब्यॉर्न हेलांड-हान्सेन यांनी 1916 मध्ये वापरात आणलेली ही पद्धत दिसायला रुक्ष आहे. पण एखाद्या ठिकाणच्या वेगवेगळ्या खोलीवरचे ठिपके मांडून जोडले, की रेघेला मधेच एक पोट सुटलेलं दिसतं. अटलांटिकमध्ये साधारण एक किलोमीटर खोलीवर असं पोट सापडतं. ते भूमध्य समुद्राचं पाणी. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतल्या उंबऱ्यावरून खाली घसरलेलं, आसपासच्या पाण्यापेक्षा खारट आणि उबदार. आपल्या घनतेची पातळी सापडली तिथे ते पसरलेलं असतं. टाकीतला लाल थर तो हाच.

वाऱ्याचं प्रकरण याहून अवघड. नॉर्वेचे शोधप्रवासी नान्सेन यांचं ‘फ्राम’ जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकून वाहत गेलं, 1893 ते 1896. नान्सेन यांच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेनं न जाता त्याच्या उजवीकडे कललेला जातो. कारण शोधलं एकमान या स्वीडिश तरुणानं: पृथ्वीचं फिरणं. वरचा थर वळतो, तो खालच्याला ओढतो, खालचा आणखी वळतो. सगळ्या थरांची गोळाबेरीज केली तर पाणी वाऱ्याच्या काटकोनात जातं, उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. पेरूच्या किनाऱ्याला समांतर वारा वाहतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरतं, त्याच्या जागी खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. तिथल्या अफाट मासळीचं मूळ यात आहे.

भरती-ओहोटीच्या तासाला मराठी बोलणाऱ्याला थोडी सूट मिळते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग हे शब्द त्याच्याकडे आधीच असतात. अडतं ते एका जागी. चंद्राकडच्या बाजूला भरती, हे ठीक. पण पाठीमागच्या बाजूलाही का? कारण चंद्र जवळच्या पाण्याला जास्त ओढतो, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी, पलीकडच्या पाण्याला सर्वांत कमी. भरती उठते ती या फरकामुळे, नुसत्या ओढीमुळे नव्हे. हे एकदा ऐकून कुणालाच पटत नाही. दुसऱ्यांदा पटतं, परीक्षेत पुन्हा निसटतं.

(दृश्य: जहाजाचं डेक. गोलाकार चौकटीत उभ्या बाटल्या, खाली मोजयंत्र.)

खोल समुद्रात सगळ्याच वर्गांना जाता येत नाही. पण त्यांचे पेले जातात. थर्मोकोलच्या पेल्यावर मुलं पेनानं नाव लिहितात, चित्र काढतात. संशोधन जहाजावर ते पेले जाळीत भरून यंत्राच्या चौकटीला बांधतात आणि दोन किलोमीटर खाली सोडतात. दर 10 मीटरला साधारण एक वातावरणाएवढा दाब वाढत जातो. तळाशी 200.

(दृश्य: वर्ग. खोका उघडला जातो.)

परत येतो तो पेला अंगुस्तानापेक्षा थोडा मोठा. थर्मोकोलमधली हवा चेपली गेली, आकार तसाच राहिला. एकीनं पेल्यावर देवमासा काढला होता. तो आता नखाएवढा आहे, शेपटीसकट.

ती तो बोटावर चढवून बघते आणि विचारते, खरा देवमासा एवढ्या खोल जातो, मग तो का चेपत नाही?

बाई वेळापत्रक काढतात. देवमासे पुढच्या सोमवारी आहेत.